टिपणकार्डे : अभ्यासाचे साधे पण समर्थ साधन

वाचलेले सारेच स्मरणात राहत नाही, म्हणून अभ्यासक टिपणे काढतो. पुष्कळांची टिपणे वहीत असतात. वहीत मजकूर वाचनाच्या क्रमाने उतरतो. लिहावयास बसल्यावर मात्र तो विषयाच्या क्रमाने हवा असतो. एकाच मुद्द्यावरील माहिती दहा ठिकाणी विखुरलेली राहते आणि ती शोधण्यातच वेळ जातो. सुट्या कार्डांवर टिपणे घेतल्यास ही अडचण दूर होते. कार्ड उचलून हव्या त्या जागी ठेवता येते, हेच या पद्धतीचे मर्म होय.

एक कोटी चिठ्ठ्यांचा कोश

या पद्धतीचे सामर्थ्य पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाच्या कार्यात दिसून येते. ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला हा कोश डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली हाती घेण्यात आला. ऋग्वेदापासून पुढील काळातील सुमारे १,५०० ग्रंथ त्यासाठी निवडण्यात आले. अभ्यासकांनी ते वाचून शब्दांच्या स्वतंत्र चिठ्ठ्या लिहिल्या. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण, ग्रंथाचे नाव आणि त्यातील नेमके स्थळ अशी ही नोंद असे. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या प्रथम वर्णानुक्रमाने आणि नंतर प्रत्येक शब्दापुरत्या ग्रंथांच्या काळानुसार लावल्या की, शब्दाचा अर्थ शतकानुशतके कसा पालटत गेला हे स्पष्ट होते.

डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये, म्हणजे आरंभानंतर २८ वर्षांनी प्रसिद्ध झाला. चिठ्ठी लिहिणारा एक आणि ती वापरणारा दुसरा, तोही कित्येकदा पुढच्या पिढीतला. लिहिणाऱ्याला काही विचारण्याची गरज पडू नये, इतकी चिठ्ठी स्वयंपूर्ण असावी लागते.

कार्ड कसे लिहावे?

ग्रंथालयाच्या तालिकेत असते तसे सुमारे १२.५ × ७.५ सेंटिमीटरचे जाड कार्ड सोयीचे ठरते. एका कार्डावर एकच मुद्दा लिहावा. वरच्या बाजूस विषयाचे शीर्षक द्यावे. खाली लेखक, ग्रंथ, प्रकाशनवर्ष व पृष्ठांक नोंदवावा. ग्रंथातील शब्द जसेच्या तसे घेतल्यास ते अवतरणचिन्हांत ठेवावेत आणि स्वतःचे मत वेगळे दाखवावे. अन्यथा काही महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गावाच्या इतिहासासाठी

समजा, सातारा जिल्ह्यातील एका शिक्षकाने गावाच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहावयास घेतला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरील खंड १८८५ सालचा आहे. त्यातील उपयुक्त मजकुराचे एक कार्ड होईल. १९७२ च्या दुष्काळातील कामांविषयी ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद आढळल्यास तिचे दुसरे. वृद्ध शेतकऱ्याने सांगितलेल्या आठवणीचे तिसरे. त्यावर सांगणाऱ्याचे नाव, वय आणि मुलाखतीचा दिनांक हवा. विहिरीचे वर्ष दोन कार्डांवर वेगवेगळे आल्यास कोणतेही कार्ड फाडू नये. दोन्ही शेजारी ठेवून तिसरा पुरावा शोधावा.

दप्तरातील नोंद उद्याही पाहता येईल. वृद्धाची आठवण त्याच्याबरोबरच जाते. तिचे कार्ड आजच झाले पाहिजे. शिक्षकाची किंवा ग्रामसेवकाची बदली झाली, तरी कार्डांची पेटी गावातच राहावी आणि पुढील व्यक्तीने तेथूनच काम पुढे न्यावे.

विद्यार्थ्यांसाठी

पाठांतरासाठी कार्डाच्या एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर लिहितात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांच्या पेटीची रीत मांडली. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी विचारले जाते. चुकले की ते पहिल्या कप्प्यात परतते. त्यामुळे जे येत नाही त्याचीच उजळणी अधिक होते.

आज अशा नोंदी संगणकावर वा मोबाईलवरही ठेवता येतात. साधन कोणतेही असो, एक नोंद, एक मुद्दा आणि पूर्ण संदर्भ हा नियम कायम राहतो. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात अशी एक पेटी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. नेमाने नोंद करणारा हात मात्र हवा.