रिकाम्या पेट्यांचे दुर्भिक्ष

१९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने ५८ कंटेनर, म्हणजे मालाच्या मोठ्या पेट्या, जहाजावर चढवून जी पद्धत रूढ केली, तिच्यात एक दोष मूळचाच आहे: माल एका दिशेने अधिक जातो, आणि रिकामी झालेली पेटी आपण होऊन माघारी येत नाही. २०२० च्या उत्तरार्धात चीनची निर्यात पूर्ववत झाली, परंतु लॉस एंजेलिस व लाँग बीच या बंदरांत मजूर अपुरे पडून जहाजे समुद्रातच तिष्ठत राहिली, तेव्हा जगात पेट्या मुबलक असूनही जिथे हव्या तिथे त्या नव्हत्या. त्याच सुमारास आपल्याकडे, भारतात, आयात घटताच रिकाम्या पेट्यांची आवकही आटली. नाशिकच्या द्राक्षांसारख्या नाशवंत मालाची अडचण तर अधिकच बिकट, कारण त्याला शीतपेटीच लागते. म्हणून निर्यातदाराने हंगामापूर्वीच जहाज कंपनीशी करार करून पेट्यांची तजवीज करावी, एकाच कंपनीवर भिस्त ठेवू नये. आणि, माझ्या मते सर्वांत मोलाचे म्हणजे, जवळच्या आयातदाराची रिकामी झालेली पेटी, जहाज कंपनीच्या संमतीने, बंदरात परत न धाडता थेट आपल्या गुदामात आणवावी, म्हणजे दोघांचीही रिकामी फेरी वाचते.