भंगाराचा धंदा आणि कार्बनचा हिशेब

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांतून लोखंडी कात्रण, टर्निंग, अ‍ॅल्युमिनियमचा चुरा व जुन्या वायरी सतत बाहेर पडतात. हा माल उचलण्याच्या आणि निवडण्याच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. या कामाचा हवेशी काय संबंध, हे व्यापाऱ्यांनी समजून घेणे आता गरजेचे झाले आहे.

कोळसा किंवा डिझेल जळले की कार्बन डायऑक्साईड हवेत जातो आणि पृथ्वीचे तापमान वाढते. खनिजापासून पोलाद बनवण्याऐवजी एक टन भंगार वितळवले, तर सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साईड वाचतो, असा जागतिक पोलाद उद्योगाचा हिशेब आहे. भंगारातून अ‍ॅल्युमिनियम बनवायला नव्याच्या मानाने केवळ पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजे भंगारवाला कार्बन वाचवतोच. परंतु कायदा मोजतो ते फक्त नोंदवलेले काम.

संगणकाच्या कारभारात धूर दिसत नाही. तरीही तो विजेवर चालतो, आपल्याकडील बरीच वीज कोळशाची असते आणि जुने मोबाईल-संगणक शेवटी भंगारातच येतात. यासाठी १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. ई-कचरा तोडून धातू काढण्याचे काम नोंदणीकृत कारखान्यानेच करायचे आहे. काढलेल्या धातूच्या प्रमाणात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याला प्रमाणपत्र मिळते. उत्पादक कंपन्या आपली जबाबदारी पुरी करण्यासाठी ते विकत घेतात. १ एप्रिल २०२५ पासून जुन्या वाहनांच्या पोलादालाही अशीच पद्धत लागू आहे. तेथे प्रमाणपत्र नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्राला मिळते. प्रमाणपत्र धातूचे असले तरी वाचलेल्या कार्बनला बाजारात किंमत येते ती अशी. बिलाशिवाय माल विकणाऱ्याला मात्र त्यातील वाटा मागता येत नाही.

धंदा उपयोगी असला तरी जागा आणि पद्धत कायद्यात बसावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील भंगार गोदामे व लहान कारखान्यांची हजारो बांधकामे पाडली. अनधिकृत बांधकाम, आगी व प्रदूषण ही कारणे पुढे आली. अनेकांची रोजी एका आठवड्यात गेली.

म्हणून काही गोष्टी आजच कराव्यात. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती करून घ्यावी. प्रत्येक मालाची जात, वजन व खरेदीदार वहीत किंवा मोबाईलवर लिहावा. १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला धातूचे भंगार विकल्यास कर खरेदीदाराने भरायचा असतो. तेव्हा लहान विक्रेत्याने बिलाला घाबरू नये. ई-कचरा वेगळा ठेवून नोंदणीकृत कारखान्यालाच द्यावा. तांब्यासाठी वायरी जाळू नयेत, सोलाव्यात. जाळल्याने विषारी धूर होतो आणि कारवाईही ओढवते. गाळा भाड्याने घेण्यापूर्वी बांधकाम परवाना आणि जमिनीवरील आरक्षण तपासावे. भट्टी लावायची असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी.

भंगार ओळखण्याचे हुन्नर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला कागदाची जोड मिळाली तरच पुढच्या पिढीला हा धंदा निर्धास्तपणे करता येईल.