शेंकडा किती?

उन्हाळ्याच्या अखेरीस दहावीचा निकाल लागला कीं वर्धा जिल्ह्यांतील लहानशा गांवांतहि एकच प्रश्न ऐकूं येतो : आपल्या शाळेचा शेंकडा किती? आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें मूळ घर अद्यापि देवळीकडे, आर्वीकडे किंवा समुद्रपुराकडे आहे, त्यांच्या कानांवर हा आंकडा येतोच. तो खरोखर सांगतो तरी काय?

२०१८ सालीं राज्याचा निकाल शेंकडा ८९.४१ लागला. पुढल्याच वर्षीं तो ७७.१० वर आला, आणि ज्या नागपूर विभागांत वर्धा मोडतो तेथें ६७.२७ वर, राज्यांत सर्वांत खालीं. एका वर्षांत मुलें मंद झालीं कीं मास्तर आळशी झाले? दोन्ही नव्हे. अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषादि विषयांत शाळेनेंच द्यावयाचे वीस गुण त्या वर्षीं काढून टाकले होते. २०२० सालीं ते परत मिळाले व निकाल ९५.३० झाला. २०२१ सालीं तर महामारीमुळें परीक्षाच झाली नाहीं, आणि निकाल लागला ९९.९५! एखाद्या विनोदी लेखकासहि हें सुचलें नसतें.

एकाच मापानें शाळा जोखण्याचा धोका वर्ध्यास नवा नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांची समिति नेमली गेली. हस्तोद्योगांतून शिक्षण द्यावें व त्याच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा. समितीनें हस्तोद्योग उचलून धरला. परंतु केवळ उत्पन्नाकडे लक्ष राहिलें तर शिक्षक मुलांकडून काम तेवढें काढून घेईल व त्यांच्या बुद्धीकडे दुर्लक्ष करील, असा इशाराहि दिला. पुढें सेवाग्रामास आर्यनायकम् व आशादेवी यांनीं ही नई तालीम चालविली. २००५ पासून त्याच आवारांत आनंद निकेतन ही शाळा आहे. तेथें शेती, सूत व स्वयंपाक हे अभ्यासाचेच भाग आहेत.

तेव्हां धोका सुताच्या हिशेबाचा होता, आज शेंकड्याचा आहे. खेड्यांतील दहावीच्या वर्गांत वीसच मुलें असलीं तर एक मूल नापास होतांच निकाल पांचांनीं उतरतो. मग कच्च्या मुलास 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून बसण्याचा सल्ला देण्याचा मोह कोणाहि मुख्याध्यापकास होईल. बाहेरून बसलेलें मूल शाळेच्या हिशेबांत येत नाहीं. आणि जें परीक्षेपर्यंत पोहोंचलेंच नाहीं, तें तर कोणाच्याच हिशेबांत नाहीं. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. आई रानांत गेली कीं धाकट्या भावंडांस सांभाळावयास थोरली मुलगी घरीं राहते. आठवड्याचे दोन दिवस, मग चार. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तिला चौदाव्या वर्षापर्यंतच हात देतो, आणि नववी-दहावी येते ती त्याच्या पलीकडे.

म्हणून गांवीं जाणें होईल तेव्हां शाळेंत शेंकडा न विचारतां दोन हजेरीपट मागावे, असें आम्ही सुचवितों : यंदाच्या दहावीचा, आणि त्याच मुलांच्या आठवीच्या वर्षाचा. दोन्ही शेजारीं ठेवून नांवें मोजण्यास दहा मिनिटें पुरतात. जीं नांवें दुसऱ्या पटांत आहेत व पहिल्यांत नाहींत, तीं मुलें कोणाचीं व सध्यां कोठें असतात, हें गांवांत सहज कळतें.