आंबील आंबट असली तरी…

उन्हाळा लागला की हैदराबादच्या रस्त्यांवर नाचणीची ‘अंबली’ आणि चेन्नईत बाजरी-नाचणीचे ‘कूळ’ हातगाड्यांवर मिळू लागते. आपल्या आंबिलीचीच ही भावंडे. ‘आंबवलेले पेय आहे, त्यात जंतू टिकत नाहीत’ असा समज विक्रेते आणि ग्राहक दोघांतही आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

पीठ आंबताना लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मिश्रणाचा सामू साधारणतः ४.५ च्या खाली आणतात. एवढ्या आम्लतेत बहुतेक रोगकारक जिवाणूंची वाढ मंदावते किंवा थांबते. परंतु वाढ थांबणे निराळे आणि जिवाणू मरणे निराळे. मरण्यास अनेकदा कित्येक तास लागतात. गाडीवर मात्र दाट आंबील ग्राहकासमोरच पाणी, ताक व बर्फ घालून पातळ केली जाते आणि पेला दोन मिनिटांत रिकामा होतो. त्या पाण्यातून आलेल्या ई. कोलाय, साल्मोनेला किंवा शिगेला यांच्यावर आम्लाचा परिणाम होण्यास अवधीच मिळत नाही. शिगेलाचे तर १० ते १०० जिवाणूही आजारास पुरतात. लहान मुलांना त्याचा धोका अधिक.

न आंबवता शिजवलेल्या पेजेला आम्लाचे हे संरक्षणही नसते. बॅसिलस सिरियसचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या पेजेत पुन्हा वाढू लागतात. म्हणून पेज लहान, पसरट भांड्यांत लवकर निववावी.

कीटकशास्त्रज्ञाची नजर साहजिकच पातेल्याच्या काठावर जाते. घरमाशीला घन अन्न चावता येत नाही. ती पोटातील द्रव त्यावर ओकते आणि विरघळलेले शोषून घेते. त्याआधी ती शेणावर किंवा गटारावर बसलेली असू शकते. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो. गाडीखाली साचलेली कांद्याची साले आणि सांडलेली आंबील हीच तिच्या अळ्यांची जागा. हा ओला कचरा रोज उचलला, तर तेथे नवी पिढी तयार होत नाही. केवळ फवारणीवर विसंबणे मला पटत नाही. खाद्यपदार्थाजवळ तर ती टाळावीच.

पाणी उकळून निववावे व तोटीच्या झाकणबंद भांड्यात ठेवावे. पेल्यात हात बुडवू नये. लांब दांड्याचा डाव वापरावा. पेले बादलीतील त्याच त्या पाण्यात विसळण्याऐवजी वाहत्या पाण्याखाली धुवावेत. बर्फाबाबत अधिक सावध राहावे, कारण गोठल्याने जिवाणू मरतीलच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक करण्यात आले, ते याच भेसळीला आळा घालण्यासाठी. बर्फाच्या खात्रीलायक स्रोताअभावी आंबिलीचे झाकलेले भांडे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावे. पेय पुरेसे गार राहते.