दिवे लागतात, पण इंजिन फिरत नाही

इंजिन सुरू होत नाही असे म्हणताना आपण दोन निराळ्या तक्रारींना एकच नाव देत असतो. एकीत इंजिन फिरते, पण इंधन पेट घेत नाही. दुसरीत ते मुळी फिरतच नाही. या दुसऱ्या प्रकारात इंधन आणि ठिणगी यांचा शोध घेणे व्यर्थ होय. क्वचित इंजिनच आतून जखडलेले असते. एरवी दोष शोधावयाचा तो बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या वाटेवर. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. तोपर्यंत इंजिन फिरविण्याचे कष्टाचे काम हातदांड्याने करावे लागे.

अमेरिकेत ज्या घरगाड्यांतून कुटुंबे लांबचे प्रवास करतात, त्यांचे उदाहरण घेऊ. हिवाळाभर गाडी उभी असते. वसंत ऋतूत मालक किल्ली फिरवितो. ‘टक्’ असा एकच आवाज होतो आणि सारे शांत. आतील दिवे मात्र लख्ख असतात. अर्थात बॅटरी ठीक आहे, असा निष्कर्ष तो काढतो आणि येथेच फसतो. अशा गाडीत बहुधा दोन स्वतंत्र व्यवस्था असतात: घरातील दिवे व पाण्याचा पंप यांसाठी एक बॅटरी, इंजिनासाठी दुसरी. पहिलीचा उजेड दुसरीविषयी काहीच सांगत नाही. पुष्कळ गाड्यांत चालकापाशी दोन्ही बॅटऱ्या जोडणारे बटण असते. ते दाबताच इंजिन फिरले, तर इंजिनाची बॅटरी दुबळी झाली आहे असे समजावे.

पण इंजिनाच्या बॅटरीवरील पुढचे मोठे दिवेही नीट लागत असले तर? समजा, टर्मिनलवर क्षार साचून त्या सांध्यात एक शतांश ओहम एवढा रोध निर्माण झाला आहे. दिव्यांची जोडी सुमारे १० अँपियर प्रवाह घेते. तेव्हा त्या सांध्यात केवळ ०.१ व्होल्ट खर्ची पडतो. स्टार्टर २०० अँपियर घेऊ लागला की तेथेच २ व्होल्ट नाहीसे होतात. डिझेल इंजिनाची मागणी तर याहून पुष्कळ मोठी. दिव्यांना न जाणवणारा दोष स्टार्टरला असा लुळा करतो.

म्हणून मोजणी किल्ली फिरवितानाच करावी. पूर्ण भारित बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; स्टार्टर चालू असता तो आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरीपाशी दाब टिकून आहे, पण स्टार्टरपाशी कमी पडतो, असे आढळल्यास दोष केबलीत किंवा सांध्यात असतो. परतीची वाटही तपासावी, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. इंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने सांगाड्याकडे परतणाऱ्या प्रवाहाला स्वतंत्र जाड पट्टी लागते. ती गंजली की नवी बॅटरीही निरुपयोगी ठरते.

टर्मिनल साफ करण्यापूर्वी ऋण बाजूची केबल प्रथम सोडवावी. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ ठिणगी किंवा विडी नसावी. गाडीखाली कोणी असताना किल्लीस हात लावू नये.

किल्ली फिरविताच ‘टक्’देखील झाले नाही आणि दाबही ढळला नाही, तर आज्ञाच स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही असे ठरते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांडा योग्य जागी नसेल तर एक सुरक्षा-स्विच ती आज्ञा अडवितो. अशा वेळी ब्रेक दाबून धरून दांडा ‘पार्क’मधून ‘न्यूट्रल’मध्ये न्यावा आणि पुन्हा किल्ली फिरवून पाहावी.