पेडण्याच्या हवेत झूम लेन्स

पेडण्याच्या सड्यावर उन्हाळ्यात उडणाऱ्या धुळीला तांबडा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. हेच ऑक्साइड बारीक दळून भिंगं घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काच घासायला वापरत आले. अलीकडे त्याची जागा सिरियम ऑक्साइडने घेतली. मोपाच्या पठारावरून किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यातून फिरून आलेल्या लेन्सवर जे बसलेलं असतं, ते काच घासण्याचंच द्रव्य आहे. कारखान्यातली पूड एकसारखी आणि पाण्यात कालवलेली असते. चिऱ्याच्या धुळीत मात्र क्वार्ट्‌झचे खरखरीत कणही असतात. कठीणपणाच्या मोह मापावर क्वार्ट्‌झ 7 आणि काच साधारण साडेपाच. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरची रेतीही बरीचशी क्वार्ट्‌झचीच. शर्टाच्या टोकाने लेन्स कोरडी पुसली की ओरखडे का उठतात, याचं उत्तर एवढ्यातच आहे.

ओरखडा आधी काचेवर उठत नाही, काचेवरच्या लेपावर उठतो. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. झूम लेन्समध्ये पंधरा भिंगं आणि तीस पृष्ठभाग धरले, तर लेपाशिवाय जेमतेम 29 टक्के प्रकाश पलीकडे पोचेल. परत फिरलेला प्रकाश आतल्या आत आपटत राहील आणि चित्रावर पांढुरकी झाक आणेल ती वेगळीच. लेपामुळे हे नुकसान दर पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येतं आणि 86 टक्के प्रकाश पार होतो. असा एक थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो. झूम लेन्स व्यवहारात आली ती या लेपामुळे, असं म्हणायला हरकत नाही. स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स, फोख्टलेंडर कंपनीची 36 ते 82 मिलिमीटरची ‘झूमार’, 1959 साली आली.

झूम करताना आतल्या भिंगांचे गट एकमेकांजवळ येतात किंवा लांब जातात. बहुतेक परवडणाऱ्या लेन्समध्ये त्यासाठी पुढची नळीच बाहेर सरकते. नळी लांबली की आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते; आखडली की हवा बाहेर पडते. भजनाच्या पेटीचा भाता चालतो तसंच हे चालतं. धुळीत, फवाऱ्यात किंवा धुक्यात नळी उगाच मागेपुढे केली तर जे हवेत आहे ते आत जातं, आणि आत गेलेलं ब्लोअरने निघत नाही. म्हणून सड्यावर वारा सुटलेला असताना आधी आडोशाला झूम ठरवावा आणि मग पुढे व्हावं.

शापोराच्या मुखाशी हिवाळ्यात कुरव उतरतात तेव्हा मोरजीला लांब लेन्सवाले दिसू लागतात. पक्षी आधी रुंद टोकाला चौकटीत घ्यावा, मग झूम करावा. 400 मिलिमीटरवर थेट शोधायला गेलं तर आभाळच हाती लागतं. शटरचा वेग निदान 1/400 सेकंद हवा, उडत्या पक्ष्यासाठी त्याहून पुष्कळ जास्त. दुपारी तापलेल्या रेतीवरची हवा थरथरत असते आणि तिच्यापुढे कितीही महाग लेन्स हरते. सकाळीच जावं. रात्रीच्या दशावतारी काल्याला उलटा हिशेब असतो. बऱ्याच लेन्समध्ये झूम वाढवला की छिद्र एफ/4 वरून एफ/5.6 वर येतं, म्हणजे प्रकाश निम्मा होतो. तिथे झूम करण्यापेक्षा रंगमंचाजवळ जागा धरलेली बरी.

किनाऱ्यावरून परतल्यावर लेन्सवर मिठाची झिलई असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती पातळी रोजच ओलांडली जाते, त्यामुळे ते मीठ सुकतच नाही, धातूच्या कडांवर काम करत राहतं. पुसण्याचा क्रम पाळावा: आधी ब्लोअर, मग मऊ कुंचला, मग लेन्सच्या कापडाला अगदी थोडं स्वच्छ पाणी लावून मीठ विरघळवून टिपून घेणं. लेन्सचं द्रावण त्यानंतर.

एवढं सगळं सांभाळूनही पेडण्यात लेन्स मरते ती कपाटात. जूनमध्ये बॅगेत बंद झालेली लेन्स चवथीला बाहेर निघते आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशीचे बीजाणू सगळ्याच हवेत असतात. सत्तर टक्क्यांच्या वरची आर्द्रता, काळोख आणि बोटांचं तेल मिळालं की ते रुजतात. वाढताना ही बुरशी सेंद्रिय आम्लं सोडते आणि तीच लेप आणि काच खातात. बुरशी पुसली तरी खाल्लेली जागा भरून येत नाही. चामड्याची पिशवी आणि बॅगेतला फोम दमटपणा धरून ठेवतात, म्हणून पावसाळ्यात लेन्स त्यांत ठेवूच नये.

जुने स्टुडिओवाले कपाटात पिवळा बल्ब जळता ठेवत, आणि त्यात पक्कं विज्ञान होतं. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 35 अंशांपर्यंत तापली की बाष्प तेवढंच राहूनही आर्द्रता 57 टक्क्यांवर येते. एलईडी तेवढी ऊब देत नाही. आता हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक यांवर काम भागतं; काटा 40 ते 50 टक्क्यांत असावा. जेलचा रंग पालटला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवावं, पुन्हा कामाला येतं. लेन्स तांदळात मात्र पुरू नये. तांदळाची पूड म्हणजे पिष्ट, बुरशीचं आयतं खाद्य.

वातानुकूलित खोलीतून बाहेर पडतानाही जपावं. बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 26 च्या आसपास असतो. 22 अंशांची लेन्स त्या हवेत आली की तिच्यावर आतबाहेर दव धरतं. बॅगेची चेन बंद ठेवूनच बाहेर न्यावी आणि अर्धा तास उघडू नये.

वापरलेली लेन्स विकत घेताना छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा आणि पुढून पाहावं. धुळीचे चार ठिपके चित्रात उतरत नाहीत, त्यावर किंमत पाडावी आणि लेन्स घ्यावी. पण कडेपासून मध्याकडे फाटे फुटत गेलेले धागे दिसले, तर ती कितीही स्वस्त मिळत असो, घेऊ नये.