रोज नाव बदलणारी फाइल

नांदेड-लातूरच्या शेअर दलालाला दिवसाचे भाव हवे असतात, तेव्हा राष्ट्रीय शेअर बाजाराची 'भावकॉपी' ही फाइल उतरवावी लागते. तिच्या नावातच तारीख असते, त्यामुळे ती उतरवायला संगणकाला दिलेली कालची आज्ञा आज निरुपयोगी. उपाय सोपा: नाव लिहायचंच नाही, संगणकाला तारखेवरून ते घडवायला लावायचं. हे काम रोज आपोआप करून घ्यायला विंडोजवर टास्क शेड्यूलर आणि विनएससीपी, लिनक्सवर क्रॉन. (क्रॉनच्या ओळीत तारखेसाठी येणाऱ्या टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावीच लागते, इथे भलेभले अडकतात.)

खरी परीक्षा ८ जुलै २०२४ ला झाली, त्या दिवशी बाजाराने नावाची पद्धतच बदलली. जुन्या नावात दिवस, महिन्याची तीन इंग्रजी अक्षरं, वर्ष असा क्रम होता. नव्यात तारखेची २०२४०७०८ अशी वर्षापासून सुरुवात. नवी पद्धत उजवी, कारण नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. जुन्या आज्ञा मात्र त्या दिवसापासून रिकाम्या हाताने परतू लागल्या.

आपणच फाइल पाठवत असाल तर आधी तात्पुरत्या नावाने चढवा, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. अर्धवट फाइल कुणी उचलणार नाही. आणि उतरवताना, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी फाइल नसणं ही चूक नव्हे, हेही आज्ञेत लिहा.